दोरवाली

माझ्या मावशीला धक्क्यावर सगळे ‘दोरवाली’ म्हणायचे. ती दोर विकत नव्हती की वळत नव्हती. ती दोर धरायची. त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला, जहाजाच्या पोटाखाली, गढूळ पाण्यात तिचा नवरा असायचा.

मावशी मूळची पाण्याची नव्हेच, ती विस्तवाची. आमचे आजोबा कल्हईवाले. बाजाराच्या तोंडाशी त्यांचं एवढंसं दुकान होतं. माझी आई आणि मावशी आळीपाळीने भाता ओढायच्या. तापलेल्या भांड्यात आजोबा कथलाची कांडी फिरवायचे, वर नवसागराची चिमूट टाकायचे आणि कापसाच्या बोळ्याने सर्रकन पुसायचे की काळंकुट्ट भांडं आतून चांदीसारखं उजळायचं. मावशीला ते बघायचा कधी कंटाळा आला नाही. तिचं लग्न एका पाणबुड्याशी ठरलं तेव्हा आजी कुरकुरली होती. “जावयाचं तोंड बघायचं तर आम्ही काय मासे व्हायचं?” आजोबा म्हणाले, “मुलगी आगीजवळ वाढली, आता जरा गार होऊ दे.”

तिच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या काकांचं, काम असं होतं. जहाज पाण्यात उभं राहिलं की त्याच्या तळाला बिऱ्हाडं चिकटायला लागतात. आधी बुळबुळीत थर, मग शेवाळ, मग पांढरे, धारदार तोंडाचे बारके शिंपले. हजारोंनी. तळ इतका खडबडीत होतो की जहाज चालतं, पण चिखलातून चालल्यासारखं, आणि तेल पितं दुप्पट. मग कप्तान धक्क्यावर निरोप पाठवायचा. काका तोंडावर मुखवटा चढवायचे, हातात रुंद पात्याचं खरवडणं घ्यायचे आणि खाली जायचे. होडीत पंप धडधडत असायचा, त्याची नळी त्यांना हवा पुरवायची. कमरेला दोर. दोर आणि नळी सांभाळायला वर एक माणूस लागायचा, आणि तो माणूस डोळ्यांत तेल घालून बसणारा पाहिजे. आधी काकांचे थोरले भाऊ बसायचे. ते एका मालवाहू जहाजावर नोकरी लागून निघून गेले, आणि दुसरा कोणी मिळेपर्यंत म्हणून मावशी होडीत येऊन बसली. दुसरा कोणी मग शोधलाच नाही.

धक्क्यावर काय काय बोलणी झाली! “बायकोने नवऱ्याला दोरीला बांधलाय, पळून जाईल म्हणून.” “आज घरी भांडण झालंय का रे? मग जाऊ नको खाली.” काका हसायचे. मावशी हसायची नाही. तिचं लक्ष दोरावर असायचं.

दोराची भाषा सोपी होती. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे सैल सोड. तीन म्हणजे वर घे. सगळे पाणबुडे हीच भाषा वापरायचे. पण या दोघांनी तिच्यात आपल्या पदरची भर घातली होती. खाली काही गमतीचं दिसलं की काका दोराला नुसती बारीक थरथर द्यायचे, पतंगाच्या मांज्याला देतात तशी. म्हणजे, आहे काहीतरी, सांगतो नंतर. मग मावशीच्या मनात दिवसभर भुंगा. वर आल्यावर ती आधी चहा द्यायची आणि मग विचारायची, “काय होतं?” कधी सुकाणूच्या फटीत वेटोळं करून बसलेली वाम असायची. कधी तळाच्या जाळीत अडकलेली कुणाची तरी चप्पल. एकदा एक खेकडा काकांच्या खरवडण्याला धरून ते सोडायलाच तयार नव्हता. काका नक्कल करून दाखवायचे आणि मावशी पदर तोंडाला लावून हसायची. मला ती नेहमी म्हणायची, “अगं, तासन्‌तास तो मला दिसायचा नाही की ऐकू यायचा नाही. पण तेव्हा आम्ही जेवढं बोलायचो ना, तेवढं नंतर कधी बोललो नाही.”

एक दिवस दोर कडक झाला. झटका नाही, थरथर नाही, नुसता ताठ. मावशीने एकदा ओढून पाहिलं. उत्तर नाही. जहाजाच्या तळाला पाणी आत ओढून घ्यायची भोकं असतात, यंत्रं गार ठेवायला. काम चालू असताना ते पाणी ओढणारा जहाजावरचा पंप बंद ठेवायचा असं ठरलेलं असतं. कोणीतरी तो चालू केला होता, आणि काकांचा हात खांद्यापर्यंत त्या भोकावरच्या जाळीला चिकटून बसला होता. मावशीला हे दिसत नव्हतं, पण जहाजाच्या पोटातली घरघर ऐकून तिला कळलं. दोर होडीच्या कड्याला बांधून ती जहाजाच्या बाजूने सोडलेल्या दोरीच्या शिडीवर चढली. वर एक खलाशी सिगारेट ओढत उभा होता.

“पाणी ओढणारा पंप बंद करा!”

“कोण तुम्ही? वर कशाला आलात? उतरा खाली.”

“माझा माणूस खाली अडकलाय! पंप बंद करा म्हणते ना!”

त्याला अजून उमजत नव्हतं. मावशीने तिथे पडलेला लोखंडी पाना उचलला आणि कठड्यावर दणादण हाणायला सुरुवात केली, ओरडत, शिव्या देत. आजोबांच्या दुकानाशेजारी शिकलेल्या शिव्या त्या दिवशी कामी आल्या. इंजिनवाला धावत वर आला, त्याने एका क्षणात ओळखलं, आणि पंप थांबला. काका वर आले तेव्हा दंड काळानिळा झाला होता. होडीत पडल्या पडल्या ते पहिलं वाक्य बोलले ते असं, “केवढ्याने ओरडत होतीस गं! खालपर्यंत ऐकू येत होतं.” ते काही खरं नव्हतं. पण मावशीने ते वाक्य जन्मभर जपलं.

त्यानंतर धक्क्यावर कोणी विनोद केला नाही. ‘दोरवाली’ हे नाव त्यानंतर मानाने घेतलं जायला लागलं.

मग एकदा असं झालं की लांबच्या प्रवासाहून आलेल्या एका जहाजाखाली काका गेले आणि लगेच वर आले. मुखवटा काढून नुसते बघत बसले.

“काय झालं? बरं वाटत नाहीये का?”

“काही नाहीच खाली.”

“काही नाही म्हणजे?”

“म्हणजे काहीच नाही. तळ ताटासारखा स्वच्छ आहे. शेवाळसुद्धा नाही. काय खरवडू?”

त्यांना वाटलं, योगायोग असेल. पुढच्या महिन्यात आणखी एक जहाज तसंच निघालं. मग कळलं की नवा रंग आलाय. तो लावला की वर्षानुवर्षं तळाला काही चिकटत नाही. हळूहळू कप्तानांचे निरोप यायचे थांबले. धक्क्यावरचे बाकीचे पाणबुडे पांगले. पंप, नळ्या, मुखवटा, सगळं काकांनी एका माणसाला देऊन टाकलं. होडी मात्र मावशीने देऊ दिली नाही. “मी चालवीन,” ती म्हणाली. नांगर टाकून लांब उभ्या असलेल्या जहाजांवरचे खलाशी ती किनाऱ्यावर आणायची, परत सोडायची. जिने लग्नाआधी कधी नदीसुद्धा ओलांडली नव्हती, ती कल्हईवाल्याची मुलगी आता भरतीच्या पाण्यात एका हाताने होडी वळवायची.

आणि काका गेले सुक्या गोदीत, तोच रंग मारायला.

सुकी गोदी म्हणजे दगडी खड्डा. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसून टाकायचं. मग जहाज ठोकळ्यांवर उभं राहतं, आणि माणसं त्याच्या पोटाखाली उभी राहून काम करतात. म्हणजे काका पूर्वी होते तिथेच होते, जहाजाखाली. पाणी तेवढं नव्हतं. आणि मावशी नव्हती. गोदीचं फाटक उंच होतं आणि आत फक्त कामगारांना सोडत.

पहिल्या काही दिवसांत काकांना त्या रंगाचं भारी कौतुक वाटायचं. जेवताना सांगायचे, “अगं, यात एक औषध बांधून ठेवलेलं असतं. समुद्राचं पाणी लागलं की वरच्या थराची गाठ सुटते. थर विरघळतो, खालचा ताजा थर उघडा पडतो. साबणाची वडी झिजते ना, तसं. वडी कधी मळते का? मळण्याआधीच झिजते! म्हणून शिंपल्याची पिल्लं टेकायला आली की मरतात. आणि औषध कशाचं माहितीये? कथलाचं. तुझ्या बापाच्या कथलाचं!”

मावशीला ऐकून बरं वाटलं होतं. कथील म्हणजे घरचीच वस्तू.

पुढे कौतुक संपलं. बोलणंही संपत गेलं. दिवसभर फवारणीची बंदूक हातात, तोंडावर मुखवटा, डोळ्यांवर काच. संध्याकाळी घरी आले की डोळे लाल, मानेवर चट्टे. अंघोळ करायचे, जेवायचे, खिडकीपाशी बसायचे. मावशी विचारायची, “आज काय झालं?” ते मान हलवायचे. “कोण होतं आज कामावर?” खांदे उडवायचे. हवं-नको बोटाने दाखवायचे. कधी खोकल्याची उबळ आली की उठून बाहेर जायचे आणि खोकून परत यायचे.

तिने वाट बघायचा प्रकार सुरू केला. गोदीतली पाळी सुटायच्या वेळी ती होडी बांधून फाटकासमोर उभी राहायची, म्हणजे घरापर्यंत तरी बरोबर चालता येईल. चालायचे दोघं, पण मुक्याने. एकदा तिने चालता चालता त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून तीनदा ओढलं. वर घे. गंमत म्हणून.

ते थांबले. “काय गं? काय पाहिजे?”

“काही नाही.”

“मग ओढतेस कशाला? फाटेल.”

मावशी मला म्हणाली होती, “त्या दिवशी मला माझ्याच नवऱ्याची इतकी आठवण आली! शेजारी चालत होता गं तो.”

मूल त्यांना नव्हतं. नातेवाईक म्हणजे आम्हीच. आई तिला सांगायची, “पुरुष असेच असतात, वय झालं की गप्प होतात.” मावशी ऐकून घ्यायची. तिला मात्र ठाम वाटायचं की काका पाण्यासाठी झुरतायत. मासळीला बाहेर काढून ठेवल्यासारखं त्यांचं झालंय, आणि ते बोलून काय करणार म्हणून गप्प बसतात. ती स्वतः रोज त्याच पाण्यावरून ये-जा करायची आणि दर खेपेला तिच्या मनात यायचं, आपण वर आणि ते तिथे कोरड्या खड्ड्यात. जहाजांच्या सावलीत आली की तिचा उजवा हात आपोआप मुठीसारखा मिटायचा.

असंच चालू असताना एक दिवस धक्क्यावर एक बाई आल्या. रबरी बूट, पाठीवर पिशवी, हातात बरण्या. समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतून आल्या होत्या. त्यांना बंदराच्या आतल्या-बाहेरच्या खडकांवर फिरायचं होतं, ओहोटीला. धक्क्यावरच्यांनी मावशीकडे बोट दाखवलं. बाई शंखातल्या गोगलगाई गोळा करायच्या, म्हणून सगळ्यांनी लगेच त्यांचं ‘गोगलगायबाई’ करून टाकलं. त्यांना ते कळलं आणि त्या खळखळून हसल्या. मावशीला त्या आवडल्या.

आतल्या खडकांवर तासभर वाकून बाई रिकाम्या हाताने परत यायच्या. बाहेरच्या, मोकळ्या समुद्राकडच्या खडकांवर थोड्या गोगलगाई सापडायच्या. त्यातली एक त्यांनी होडीतच फोडून मावशीला भिंगाखाली दाखवली.

“ही मादी आहे, ताई. पण हे बघा. हे नराचं इंद्रिय. मादीला फुटलंय.”

“असं कसं होईल?”

“होतंय. ते वाढत जातं आणि अंडी बाहेर पडायची वाटच बंद करून टाकतं. अंडी आतच राहतात. पिल्लं नाहीत. म्हाताऱ्या मरतात, नव्या येत नाहीत. तुमच्या बंदरातल्या गोगलगाई कोणी मारल्या नाहीत. त्या जन्मायच्या थांबल्या.”

“कशाने?”

“जहाजांच्या रंगाने. त्यातल्या कथलाने.”

मावशी चिडलीच. “बाई, मी कल्हईवाल्याची मुलगी आहे. कथील लावलेल्या भांड्यात जेवून आम्ही बहिणी वाढलो. कथलाने कोणाला काही होत नाही.”

“नाहीच होत,” बाई म्हणाल्या. “तुमच्या वडलांचं कथील गरीब. एकटं असलं की ते कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण रंगातल्या कथलाला कार्बनच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. त्या असतात तेलकट. तेलकट म्हणून ते जिवाच्या शरीरात सरळ आत शिरतं, आणि आत जाऊन खोटे निरोप देतं. मादीच्या शरीराला सांगतं, तू नर आहेस. आणि लागतं किती? पोहायच्या तलावात खडेमिठाचा एक बारका खडा विरघळवा, एवढंसुद्धा पुरतं.”

मावशीने पुन्हा एकदा भिंगातून पाहिलं. मग म्हणाली, “म्हणजे माणूस तोच, संगत वाईट.”

“अगदी तसंच.”

“मग ती संगत सुटत नाही?”

“सुटते ना. उजेड असला, खेळतं पाणी असलं, की एकेक साखळी गळते. तिनाच्या दोन, दोनाची एक, शेवटी परत नुसतं कथील. पण गाळात जाऊन बसलं तर तिथे ना उजेड ना हवा. तिथे ते पंचवीस-तीस वर्षंही तसंच राहू शकतं.”

होडी परत आणताना मावशीला गोदीची भिंत दिसत होती आणि भिंतीवरून डोकावणारं एका जहाजाचं ताजं लाल पोट. ते कोणी रंगवलं हे तिला माहीत होतं.

घरी तिने काही दिवस काढले, आणि एका सुट्टीच्या सकाळी बाईंनी सांगितलेलं बोलून दाखवलं. काकांनी सगळं ऐकलं.

“मग काय म्हणणं आहे तुझं? मी विष घातलं?”

“असं कुठे म्हटलं मी?”

“तोंडावर दिसतंय तुझ्या. काय करायला पाहिजे होतं मी? आपलं काम गेलंच होतं ना?” एवढं बोलून त्यांना उबळ आली. बाहेर जाऊन खोकून आले, आणि हलक्या आवाजात म्हणाले, “आधी धक्क्याच्या खांबांना गोगलगाईंची अंडी चिकटलेली असायची. तांदूळ उभे करून ठेवावेत तशी. ते खांबही मी खरवडायचो, तेव्हा ती सोडून द्यायचो.” मग पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसले.

पुढे बऱ्याच देशांनी मिळून तो रंग बंद करायचं ठरवलं. बाईंसारखी माणसं जागोजाग हेच सांगत होती, त्यांचं कोणीतरी ऐकलं. गोदीत दुसरे रंग आले. ते इतके जालीम नव्हते. आणि एक दिवस मावशीने आपल्या होडीतून एका जहाजाच्या पाणरेषेखाली बघितलं, तर काय! पांढरे शिंपले. एकाला एक लागून, पूर्वीसारखे.

ती मला म्हणाली होती, “लाज वाटायला पाहिजे होती, पण मला इतका आनंद झाला! धावत घरी गेले. यांना म्हटलं, आले! ते म्हणाले, कोण आले? म्हटलं, आपले शिंपले.”

ते महिने त्या घरात सणासारखे गेले. काकांनी कुठून तरी जुना पंप आणला आणि अंगणात मांडून उघडला. नळ्या पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहिलं. मावशी नवा दोर घेऊन आली आणि मऊ व्हावा म्हणून तो रोज हातातून काढायची. काका फारसं बोलत नव्हते, पण पाना मागायचे, फडकं मागायचे, आणि ती मागायच्या आत द्यायची. आई एकदा जाऊन आली आणि म्हणाली, “ताई तर नव्या नवरीसारखी मिरवतेय.”

परवान्यासाठी दोघं बंदराच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी बसवलं, विचारपूस केली आणि सांगितलं, “काका, बंदरात पाण्याखाली खरवडायला आता बंदी आहे.”

“बंदी? शिंपले तर आलेत!”

“आलेत. पण कित्येक जहाजांवर नव्या रंगाखाली जुना रंग तसाच आहे, नुसता झाकलेला. तुम्ही खरवडलंत की त्याच्या खपल्या निघणार आणि सरळ खालच्या गाळात बसणार. एवढी वर्षं जे झालं त्यात आणखी भर. खरवडायचं ते गोदीत, कोरड्यात, खपल्या गोळा करून. पाण्यात नाही.”

काकांनी मान हलवली आणि उठले. मावशी उठेना. “हे कोणी ठरवलं?”

साहेबांनी सांगितलं की संस्थेच्या सल्ल्यावरून ठरलं. कोणाचं नाव घेतलं नाही, पण मावशीला ते कळायला नावाची गरज नव्हती.

पुढच्या ओहोटीला गोगलगायबाई आल्या. होडी खडकांच्या आडोशाला गेल्यावर मावशीने होडीचं यंत्र बंद केलं.

“बाई, ती खरवडायची बंदी. तुमचं काम ना?”

बाईंनी नजर चुकवली नाही. “हो ताई. माझ्या अहवालावरून.”

“तुम्हाला माहीत होतं, आमचा धंदा तो?”

“माहीत होतं. तुम्हीच सांगितलं होतंत. लिहिताना तुम्ही डोळ्यांसमोर होतात.”

“तरी लिहिलंत.”

“तरी लिहिलं. गाळातलं कथील मी मोजलंय. त्यात आणखी पडू देऊ का, तुम्ही सांगा.”

मावशी म्हणाली, “मी काय सांगू? तुमचं बरोबर आहे. तुमचं चुकलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.” आणि मग ती रडली. बाई तिच्याजवळ सरकल्या, पण हात लावला नाही. थोड्या वेळाने मावशीनेच यंत्र चालू केलं.

तिने बाईंना नेणं थांबवलं नाही. पंप देऊन टाकला. नवा दोर होडी बांधायला वापरला, आणि वापरता वापरता तो इतर दोरांसारखाच मळून गेला. काका गोदीत जुना रंग उतरवायच्या कामाला लागले. खपल्या जाड पिशव्यांत भरून तोंडं बांधायचं काम. निवृत्त होईपर्यंत त्यांनी तेच केलं. बाहेरच्या खडकांवर काही वर्षांनी गोगलगाई वाढल्या. आतल्या गाळावरच्या खडकांवर अजून म्हणाव्या तशा नाहीत, असं बाई सांगायच्या.

निवृत्त झाल्यावर काका घरी बसून मावशीला कामाला पाठवायला तयार होईनात. रोज होडीत येऊन पुढे बसायचे आणि सूचना करायचे. “डावीकडे घे. अगं, डावीकडे! लाट येतेय.” इतकी वर्षं एकटीने होडी चालवलेल्या बाईला! खलाशी हसायचे. मावशी वैतागायची, आणि तरीही दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी गादी टाकून ठेवायची. त्यांचा खोकला बराच कमी झाला होता. आवाज आला होता, घोगरा, पण येत होता. एकेक करत ते खलाशांना जुन्या गोष्टी सांगायला लागले. तो खरवडणं न सोडणारा खेकडासुद्धा.

अशाच एका दुपारी दोघं एका जहाजाशेजारी थांबले होते. वरून एक स्वयंपाकी उतरायचा होता आणि त्याचं सामान आटपत नव्हतं. मावशीने न राहवून विचारलं, “अहो, तुम्हाला खालची फार आठवण येते ना?”

“कुठल्या खालची?”

“पाण्यातली. एवढी वर्षं मनात धरून बसलात. मला काय कळत नव्हतं?”

काका तिच्याकडे वळले. “मला? अगं, मला पाण्याची भीती वाटायची. रोज वाटायची. कधी कधी हाताचा पंजा दिसायचा नाही खाली. जहाजाचा पंखा फिरायला लागला तर, पंप चालू झाला तर. वर आलो की आजचं झालं, एवढंच वाटायचं. काम गेलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं.”

“मग तो पंप कशाला आणलात? परवान्याला कशाला गेलात?”

“तू किती खुशीत होतीस! म्हटलं, हिला हवंय तर जाऊ.”

“आणि गोदीत होतात तेव्हा? इतकी वर्षं? एक शब्द बोलायचा नाहीत माझ्याशी. मला वाटायचं, पाणी तुटलं म्हणून मन गेलं तुमचं.”

“कसलं मन! घसा जायचा. तो रंग आत सोलून काढायचा. शब्द काढला की उबळ, आणि उबळ आली की तुझा चेहरा असा व्हायचा.” त्यांनी तिचा चेहरा करून दाखवला. “डॉक्टरकडे ओढत नेलं असतंस, काम सोडायला लावलं असतंस. मग खायचं काय? म्हणून गप्प बसायचो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

मावशी मला हे सांगत होती तेव्हा ती आमच्या स्वयंपाकघरात, खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. काकांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी म्हटलं, “मग बरंच झालं ना मावशी, कळलं ते. जीव हलका झाला असेल.”

“हलका?” ती म्हणाली. “अगं, नुसता घसा होता तो. मी रोज समोर बसत होते. एकदा जरी विचारलं असतं ना, की दुखतंय का, तर त्याने मान तरी हलवली असती. मी विचारायची, आज काय झालं. आज काय झालं.” तिने चहाचा कप टेबलावर ठेवला. “आणि तुला खरं सांगू? त्याला भीती वाटायची हे कळूनसुद्धा मला ते दिवस परत हवेत. आत्ता कोणी म्हणालं, चल, तर मी जाऊन बसेन होडीत. तो घाबरत असेल खाली, असू दे. मी आहे ना वर.”

मग ती उठली, कप विसळला आणि चपला शोधायला लागली. तिला घाई होती. आज एका मोठ्या जहाजाची माणसं किनाऱ्यावर आणायची होती, आणि वारा वाढायच्या आत फेऱ्या उरकायला हव्या होत्या.